आवाजाला आवर घालणारे यंत्र

मैफलीत बसलेल्या श्रोत्याचा कान मोठा समंजस असतो. गायक मंद्र सप्तकात षड्ज लावून आलापीला आरंभ करतो तेव्हा हा कान नकळत पुढे सरसावतो, आणि तोच गायक तार सप्तकातून तान फेकीत समेवर येतो तेव्हा तो आपोआप स्वतःला सावरून घेतो. मायक्रोफोनच्या ठायी असे तारतम्य नसते. समोर येईल ते विजेच्या रूपाने पुढे पाठविणे एवढेच त्याला ठाऊक. ख्यालगायनात मंद्रातला कुजबुजता स्वर आणि तारसप्तकातली पुकार यांच्या पातळीत २० ते ३० डेसिबलांचे अंतर पडणे नवलाचे नाही. आणि २० डेसिबलांचे अंतर म्हणजे विद्युत्-दाबाच्या हिशेबाने १० पटींचे अंतर होय. घरात पंखा फिरत असताना, किंवा मोटारीतून प्रवास करताना हे गायन ऐकणाऱ्याची मग पंचाईत होते. आलाप ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी तान अंगावर येते; तानेसाठी आवाज उतरवावा, तर आलाप पंख्याच्या घरघरीत बुडून जातो.

ही अडचण नभोवाणीइतकीच जुनी आहे. आरंभीच्या काळात तिच्यावर एकच उपाय होता, तो म्हणजे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाचा हात. आवाज चढला की खुंटी खाली, उतरला की वर, असे काम हा मनुष्य कार्यक्रम संपेपर्यंत करीत राही. परंतु हात कितीही तरबेज असला तरी तो कानाच्या मागून चालतो. मोठा आवाज ऐकू आल्यावरच तो खुंटीकडे वळणार, तोवर तो आवाज प्रक्षेपकापर्यंत पोहोचलेलाही असतो. मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाला ठराविक मर्यादेपलीकडचा ध्वनी दिला की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रांच्या प्रसारणातही व्यत्यय येतो. म्हणूनच आवाजाला आपोआप आवर घालणारी यंत्रे प्रथम नभोवाणी केंद्रांवर आली. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीने १९३७ साली असा प्रवर्धक बाजारात आणला. तबकड्या कोरणाऱ्यांनाही तो उपयोगी वाटला, कारण फार मोठा आवाज आला तर कोरणारी सुई शेजारच्या खाचेत घुसते. रेन नार्मा या अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रचलेला फेअरचाइल्ड हा २० व्हॉल्व्हांचा अवजड कॉम्प्रेसर मुळात तबकड्यांसाठीच होता. पुढे लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत तो गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी राबविला गेला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणखी दोन यंत्रे निघाली. जेम्स लॉरेन्स यांचे एलए-२ए आणि बिल पटनम यांचे ११७६. आज जगात जेथे जेथे संगीताचे ध्वनिमुद्रण होते तेथे तेथे या दोहोंपैकी एखादे, किंवा त्यांची एखादी नक्कल, आढळण्याचा संभव फार.

कॉम्प्रेसर हे नाव दोन ठिकाणी घोटाळा करते. शीतकपाटातल्या कॉम्प्रेसरशी या यंत्राचा नावापलीकडे काही संबंध नाही. तसेच संगणकावर गाणे कमी जागेत मावावे म्हणून जे दाबणे केले जाते त्याच्याशीही नाही. तेथे माहिती दाबली जाते, येथे आवाजाचा चढउतार. थोडक्यात, कॉम्प्रेसर म्हणजे असा प्रवर्धक की ज्याची शक्ती आत येणारा ध्वनी मोठा झाला असता स्वतःहून कमी होते.

किती मोठा झाल्यावर कमी व्हावयाचे, हे ठरविणारी खुंटी म्हणजे थ्रेशोल्ड. मराठीत त्याला उंबरठा हाच शब्द चपखल बसतो. उंबरठ्याच्या अलीकडे असलेल्या ध्वनीला यंत्र हात लावीत नाही. उंबरठा ओलांडला की दुसऱ्या खुंटीचे, म्हणजे गुणोत्तराचे, राज्य सुरू होते. समजा, उंबरठा उणे २० डेसिबलांवर ठेवला आहे आणि गुणोत्तर चारास एक आहे. एखादी तान उणे ८ डेसिबलांपर्यंत चढली, म्हणजे उंबरठ्याच्या वर १२ डेसिबल गेली. यंत्र या १२ मधले तीनच बाहेर सोडील, आणि तान उणे १७ वर येऊन थांबेल. यंत्राच्या दर्शनी भागावरचा काटा अशा वेळी शून्यावरून डावीकडे सरकून ९ डेसिबलांची कपात दाखवितो. हेच गुणोत्तर दोनास एक असते, तर तान उणे १४ वर थांबली असती आणि कपात ६ डेसिबलांची झाली असती.

उरल्या दोन खुंट्या काळाच्या आहेत, आणि यंत्राचे सारे बरेवाईट त्यांच्यावर अवलंबून असते. अटॅक म्हणजे उंबरठा ओलांडल्यावर कपात पुरती लागू होण्यास लागणारा वेळ. रिलीज म्हणजे आवाज उतरल्यावर कपात मागे घेण्यास लागणारा वेळ. दोन्ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात. शेवटी मेकअप नावाची एक खुंटी असते. कपातीमुळे एकंदर आवाज जेवढा उतरला तेवढा तो तिच्या साहाय्याने पुन्हा वर उचलावयाचा.

अर्थात् सर्व यंत्रांवर या पाचही खुंट्या असतातच असे नाही, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच उडतो. एलए-२ए या यंत्राच्या तोंडावर मुख्य खुंट्या दोनच, एक कपातीची आणि एक प्रवर्धनाची. त्याच्या पोटात ध्वनीबरोबर उजळणारी एक प्रकाशपट्टी आणि तो प्रकाश पाहून आपला विद्युत्-रोध बदलणारा एक घटक असे जोडपे असते. प्रकाश मावळला तरी हा घटक लगेच पूर्ववत् होत नाही. कपातीचा पहिला भाग तो चटकन सोडतो आणि उरलेला रेंगाळत. गाणाऱ्या आवाजाला ही रेंगाळण्याची तऱ्हा विलक्षण मानवते. ११७६ चा उंबरठा कारखान्यातच ठरलेला असतो. आत येणारा ध्वनी वाढवीत नेऊन त्याला त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवावे लागते. शिवाय त्याच्या अटॅक आणि रिलीज या खुंट्या उलट्या चालतात. उजवीकडे फिरविले असता वेळ वाढत नाही, कमी होतो. माहितीपुस्तिका न वाचता या यंत्रापाशी बसलेला माणूस हवे त्याच्या नेमके विरुद्ध करून बसतो, आणि दोष यंत्राला देतो.

आता जोडणीकडे वळू. एक लहानसा स्टुडिओ डोळ्यांपुढे आणावा. एक ख्यालगायिका, साथीला तबला, संवादिनी आणि तानपुरा. नियंत्रण कक्षात एक मिक्सर, एक संगणक आणि नवा आणलेला एक कॉम्प्रेसर. यंत्र परदेशी बनावटीचे असेल तर तार भिंतीत खोचण्यापूर्वी मागच्या बाजूचा विद्युत्-दाबाचा आकडा पाहावा. अमेरिकेत ११५ व्होल्टांच्या आसपास वीज असते, भारतात २३०. बहुतेक यंत्रांवर निवडीची सोय असते. पण ती निवड अगोदर करावयाची असते, धूर निघाल्यावर नव्हे.

कॉम्प्रेसर हे मायक्रोफोनची तार थेट खुपसण्याचे यंत्र नव्हे. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्-दाब व्होल्टाच्या काही हजाराव्या भागांइतका असतो, आणि व्यावसायिक यंत्रे ज्या पातळीवर एकमेकांशी बोलतात ती, म्हणजे अधिक ४ डीबीयू, सुमारे सव्वा व्होल्टाची असते. म्हणून मायक्रोफोन आधी पूर्वप्रवर्धकात जातो. संधारित्र-मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टांचा पुरवठाही त्याला तेथूनच मिळतो. पूर्वप्रवर्धकाने वाढविलेला ध्वनी मग कॉम्प्रेसरकडे यावयाचा. मिक्सरमध्ये त्यासाठी इन्सर्ट नावाचे एक छिद्र असते. बहुतेक मिक्सरांत ते पूर्वप्रवर्धकाच्या नंतर आणि सरकपट्टीच्या आधी असल्यामुळे पुढे सरकपट्टी वरखाली केली तरी कॉम्प्रेसरच्या कामात त्याने बिघाड होत नाही.

इन्सर्ट म्हणजे काय, हे कचेरीच्या भाषेत चांगले सांगता येते. एखाद्या प्रकरणाची मूळ फाईल अमुक अधिकाऱ्याच्या मेजावरून गेल्याशिवाय पुढे जाता कामा नये, असा नियम असला की ती तेथे थांबते, तेथला शेरा घेते आणि मगच पुढे सरकते. कॉम्प्रेसरचे स्थान हे असे वाटेवरचे आहे. मिक्सरवर सेंड नावाची दुसरीही एक वाट असते. तिच्यातून ध्वनीची केवळ नक्कल बाहेर जाते आणि मूळ ध्वनी आपल्या वाटेने चालू लागतो. प्रतिध्वनीच्या यंत्रासाठी ती वाट योग्य आहे. कॉम्प्रेसर तिच्यावर जोडला तर नकलेला आवर बसतो आणि मूळ मोकाट सुटते. काही वाद्यमेळांसाठी दाबलेली नक्कल मूळ ध्वनीत मुद्दाम मिसळण्याची रीत आहे खरी, परंतु ती जाणून घेतलेली मुभा झाली. नकळत झालेल्या चुकीला तेच नाव देता येत नाही.

इन्सर्टच्या छिद्रात एकच जॅक जातो आणि ध्वनी बाहेर नेऊन परत आणण्याची दोन्ही कामे करतो. त्यासाठी दोन फाटे असलेली तार लागते. जॅकचे टोक ध्वनी बाहेर नेते, त्यामागचे कडे ध्वनी परत आणते, आणि बुंधा दोहोंचा समाईक असतो. टोकाचा फाटा कॉम्प्रेसरच्या आत येणाऱ्या छिद्रात आणि कड्याचा फाटा बाहेर जाणाऱ्या छिद्रात घालावयाचा. फाटे अदलाबदल झाले तर ती वाहिनी मुकी होते, एवढीच शिक्षा. यंत्र सहसा बिघडत नाही. काही जुन्या मिक्सरांत टोक आणि कडे यांची कामे उलट असतात, तेव्हा तार दोषी ठरविण्यापूर्वी पुस्तिका पाहावी. इन्सर्टची तार असंतुलित असते, म्हणजे तिच्यात बाहेरचा विद्युत्-उपद्रव मारून टाकण्याची सोय नसते. म्हणून ती होता होईल तो आखूड ठेवावी. मोठ्या स्टुडिओंत ही सारी छिद्रे एका फळीवर आणून बसविलेली असतात आणि कोणतेही यंत्र कोणत्याही वाटेवर छोट्या तारांनी जोडता येते. परंतु तत्त्व तेच.

मिक्सर नसेल तर पूर्वप्रवर्धकातून कॉम्प्रेसर आणि कॉम्प्रेसरमधून संगणकाच्या ध्वनिपेटीचे लाइन-छिद्र, मायक्रोफोनचे नव्हे, अशी सरळ वाट आखावी. या तारा संतुलित असाव्यात. अशा तारेत एकच ध्वनी दोन वाहकांवरून परस्परविरुद्ध दिशांनी जातो, आणि वाटेत दोहोंवर सारखाच बसलेला उपद्रव पलीकडच्या टोकाला वजा होतो. घरगुती वापराच्या काही यंत्रांची पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे १२ डेसिबलांनी खालची, असते. यंत्राच्या पाठीवरचे यासंबंधीचे बटन चुकीच्या बाजूला राहिले तर ध्वनी एक तर उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही, नाही तर सदैव तो ओलांडून बसतो.

जोडणी पुरी झाली की ५० आवर्तनांची गुणगुण ऐकू येण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. दोन यंत्रे निरनिराळ्या ठिकाणांहून वीज घेतात आणि त्यांच्या भूतारांचे एक वेटोळे तयार होते, हे तिचे नेहमीचे कारण. सर्व यंत्रांना एकाच फळ्यावरून वीज दिली असता बहुधा ती नाहीशी होते. भूतारेची पिन कापून टाकण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो तो मात्र जिवावर बेतणारा आहे. गुणगुण थांबते आणि यंत्राच्या धातूच्या पेटीला मिळालेले संरक्षणही त्याबरोबर जाते.

गायिका येण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. कॉम्प्रेसर बायपासवर ठेवून, म्हणजे त्याचे काम बंद ठेवून, १००० आवर्तनांचा एकसारखा स्वर वाटेत सोडावा. आत जितकी पातळी तितकीच बाहेर आली, की जोडणी निर्दोष समजावी. त्यानंतरच यंत्राला कामाला लावावे.

खुंट्या कोठे ठेवाव्यात याचे आकडे पुस्तकांत मिळतात, पण ते बहुतांशी पाश्चात्त्य गाण्यासाठी, गिटारीसाठी आणि ढोलांसाठी बेतलेले असतात. ख्यालगायकीत ते जसेच्या तसे लावले तर जे बिघडते ते ऐकण्यासारखे असते. गायिका तान संपवून श्वास घेते; त्या क्षणी यंत्र कपात मागे घेते, आणि तिच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला तानपुरा एकदम फुगून वर येतो. पुढचा स्वर लागताच तो पुन्हा खाली दबतो. तानपुऱ्याने स्थिर राहावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा, आणि यंत्र त्यालाच धाप लावते. यावर उपाय तीन. तानपुऱ्याला स्वतंत्र मायक्रोफोन देऊन तो गायिकेपासून दूर ठेवावा, रिलीज लांबवावा, आणि मुख्य म्हणजे कपातच थोडी घ्यावी. दोनास एक किंवा तिनास एक गुणोत्तर, १० ते ३० मिलिसेकंदांचा अटॅक आणि ३०० मिलिसेकंदांच्या आसपासचा रिलीज येथून आरंभ करणे बरे. मग सर्वांत चढी तान गाऊन घ्यावी आणि त्या वेळी काटा ३-४ डेसिबलांपलीकडे जाणार नाही असा उंबरठा लावावा. आलापीच्या वेळी काटा शून्यावर स्वस्थ बसलेला दिसला पाहिजे.

खर्जातल्या पुरुषी आवाजाची गोष्ट आणखी नाजूक. १०० आवर्तनांच्या स्वराची एक लाट १० मिलिसेकंदांची असते. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून जलद ठेवले तर यंत्र गाण्याचा चढउतार सोडून प्रत्येक लाटेच्याच मागे धावू लागते, तिचा आकार मोडते, आणि भरदार खर्ज खरखरीत होतो. गमकेच्या आंदोलनांचेही असेच. रिलीज फार आखूड असला तर प्रत्येक आंदोलनाबरोबर काटा नाचतो आणि गमकेतला जोर सपाट होऊन जातो.

तबल्याच्या बाबतीत अटॅक हीच मुख्य खुंटी. चाटेवरच्या ना या बोलाचे तेज आघाताच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते. अटॅक अतिजलद असेल तर नेमके तेच कापले जाते आणि तबला लाकडी पाटावर वाजविल्यासारखा ऐकू येतो. २०-३० मिलिसेकंदांची सवड दिली म्हणजे आघात सुटून जातो आणि मागची आस तेवढी आवरली जाते. डग्ग्याचा घुमारा मात्र निराळाच त्रास देतो. खालच्या स्वरांत शक्ती फार असल्यामुळे डग्गा घुमला की यंत्र सबंध तबल्याचाच आवाज खाली ओढते. अनेक यंत्रांत यासाठी साइडचेन नावाच्या आतल्या वाटेवर गाळणी असते. १०० आवर्तनांच्या खालचा ध्वनी यंत्राने ऐकावयाचा नाही, असे तिच्यामुळे सांगता येते. बाहेर जाणाऱ्या ध्वनीतून डग्गा कमी होत नाही. निर्णय घेताना तेवढा तो विचारात घेतला जात नाही. तानपुऱ्यासारखे एखादे वाद्य दोन मायक्रोफोनांनी घेतले असेल, तर दोन्ही बाजूंचे कॉम्प्रेसर लिंकच्या बटनाने एकत्र बांधावेत, नाही तर एका बाजूची कपात वाढताच वाद्य जागेवरून सरकल्याचा भास होतो.

मेकअपची खुंटी ही सर्वांत फसवी. मानवी कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. कॉम्प्रेसर लावला, आवाज उचलला, आणि गाणे खुलले असे सर्वांनी म्हटले, तर ते बहुधा आवाज उचलल्याबद्दलचे प्रशस्तिपत्र असते. म्हणून बायपासचे बटन दाबून पाहताना दोन्ही वेळा आवाज सारखाच भरेल इतकाच मेकअप ठेवावा. ६ डेसिबल उचलले म्हणजे हळू स्वरांबरोबर वातानुकूलन यंत्राचा गुंजारव आणि गायिकेच्या कंकणांची किणकिणही ६ डेसिबलांनीच वर येते, हे विसरता येत नाही.

यातला कोणता भाग ध्वनिमुद्रणाच्या वेळी करावा आणि कोणता मागाहून? फितीच्या काळात हा प्रश्न आजच्याइतका मोकळा नव्हता. हळू स्वर फितीच्या खसखशीत बुडू नयेत आणि चढे स्वर फाटू नयेत म्हणून मुद्रणाच्या वेळीच आवर घालणे भाग होते. आज २४ बिटांच्या मुद्रणात तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबलांचा अवकाश मिळतो. सर्वांत चढ्या तानेच्या वर १०-१२ डेसिबलांची जागा मोकळी सोडली तरी आलाप शाबूत उतरतो. दाबून मुद्रित केलेला ध्वनी पुन्हा मूळच्या रूपात उलगडता येत नाही. विलंबितापासून द्रुतापर्यंत तासभर चढत गेलेली गायकी तबकडीवर पहिल्या मिनिटापासून सारख्याच उंचीची ऐकू आली, तर गायिकेने त्या तासात जे केले त्यातले निम्मे पुसले गेले. म्हणून शास्त्रीय संगीताच्या मुद्रणाच्या वेळी कॉम्प्रेसर वाटेवर ठेवावयाचाच असेल तर काटा जेमतेम हलेल इतकाच. उरलेले काम मागाहून, मूळ मुद्रण बाजूला सुरक्षित ठेवून करावे. सर्वांपेक्षा मोठ्या आवाजाचे गाणे काढण्याची जी चढाओढ गेली काही दशके चालली, तिचे निमित्तही आता पुष्कळसे उरलेले नाही. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली आवाजाची भासमान पातळी मोजून सारखी करण्याचा नियम घालून दिला, आणि इंटरनेटवर गाणी ऐकविणाऱ्या अनेक सेवाही तसेच करतात. दाबून मोठे केलेले गाणे तेथे खाली उतरविले जाते.

मागाहून काम करावयाचे झाल्यास ध्वनिपेटीचे एक मोकळे बहिर्द्वार कॉम्प्रेसरला आणि कॉम्प्रेसरचे बहिर्द्वार पेटीच्या मोकळ्या लाइन-छिद्राला जोडावे. या फेरीत ध्वनीला काही मिलिसेकंद उशीर होतो. संगणकातील आज्ञावलीला तो मोजून भरून काढण्यास सांगावे, नाही तर गायिका तबल्याच्या मागे पडल्यासारखी वाटते. परत आलेला ध्वनी चुकूनही त्याच बहिर्द्वाराकडे वळवू नये. ध्वनी गोल फिरू लागतो आणि क्षणार्धात किंकाळी उठते. अशा वेळी ध्वनिवर्धकाचा आणि कानाचा दोहोंचा बळी जाऊ शकतो.

संगणकातल्या आज्ञावली आपल्या खुंट्या कोठे होत्या ते लक्षात ठेवतात, प्रत्यक्ष यंत्र ठेवीत नाही. काम संपले की प्रत्येक खुंटीची जागा एका चिठ्ठीवर टिपून ती गाण्याच्या नावासह जपावी, किंवा यंत्राच्या तोंडाचे छायाचित्र घ्यावे. दुसऱ्या दिवशी एकच ओळ पुन्हा गाऊन घ्यावयाची झाली, तर आवाज जुळविण्यास दुसरा आधार नसतो. व्हॉल्व्हचे यंत्र असेल तर त्या दिवशी ते अर्धा तास आधी सुरू करावे, म्हणजे ते तापून स्थिर होते. सुरू करताना ध्वनिवर्धक सर्वांत शेवटी लावावेत, आणि बंद करताना तेच सर्वांत आधी.